सातबारा ही परिमेय संख्या आहे

नववीच्या गणितात संख्यांची ओळख ज्या क्रमानं करून देतात, तो क्रम मला कायम संशयास्पद वाटत आला आहे. आधी नैसर्गिक संख्या: एक, दोन, तीन. त्यात शून्य घातलं की पूर्ण संख्या. वजाचं चिन्ह लावलेले त्यांचे भाऊबंद येऊन बसले की पूर्णांक. अपूर्णांक मिसळले की परिमेय. त्यातही जे बसत नाहीत ते अपरिमेय, आणि दोघांची मोट बांधली की वास्तव. अकरावीत गेलं की काल्पनिक आणि संमिश्र. म्हणजे पोरगं जसजसं मोठं होईल तसतशा संख्या अवघड होत जातात, असा पुस्तकाचा दावा. शाळेत गणित शिकवण्यातच माझी नोकरी गेली, तीही सगळी वर्धा जिल्ह्यात, आणि आमच्याकडे हा क्रम उलटा चालतो. इथलं पोरगं बापाच्या पीककर्जात ऋण संख्या शिकतं, टपरीवरच्या चहात अपूर्णांक शिकतं, आणि जिला चिन्ह नाही, छेद नाही, जिच्यातून कुणी काही कापत नाही अशी अख्खी नैसर्गिक संख्या त्याला बहुधा पेन्शनीपर्यंत भेटत नाही.

पोरांना सगळ्यात जास्त छळतं ते हे, की एकच संख्या एकाच वेळी चार-पाच प्रकारची कशी काय असते. परीक्षेत प्रश्न येतो: ५ ही परिमेय संख्या आहे का? निम्मा वर्ग 'नाही' लिहितो, कारण पाचाची ओळख नैसर्गिकमध्ये झालेली असते आणि एकदा झालेली ओळख आमच्याकडे कुणी बदलत नाही. मी सांगायचो, अरे, देवळीचा माणूस देवळी तालुक्यातला, म्हणून वर्धा जिल्ह्यातला, म्हणून नागपूर विभागातला, म्हणून महाराष्ट्रातला. देवळीचा प्रत्येक जण वर्धेचा, पण वर्धेचा प्रत्येक जण देवळीचा नाही. (हिंगणघाटवाल्यांना हे उदाहरण चालत नाही. त्यांना स्वतंत्र जिल्हा हवा आहे.) आणि पाचाला परिमेय असल्याचा दाखला हवा असेल, तर खाली छेद म्हणून एक लिहायचा, ५/१, की दाखला हातात. ना सेतू केंद्र, ना सर्व्हर डाऊन.

यावर शेजारच्या नववीतल्या पोट्ट्यानं विचारलं, "मंग सर, शून्य कुठचं?"

प्रश्न साधा नाही. आपल्या पुस्तकात शून्य नैसर्गिक नाही. जगात इतरत्र बरेच गणिती त्याला नैसर्गिकांतच धरतात. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटला नाही म्हणून कुणाचं काही अडलेलंही नाही. शून्याचे हिशेबाचे नियम इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त लिहून ठेवले. शून्याला शून्यानं भागलं तर शून्यच, हेही त्यानं ठोकून दिलं होतं. तेवढं काही पुढे टिकलं नाही. बाकी बहुतेक टिकलं.

त्याच ग्रंथात धन आणि ऋण यांचे नियम आहेत. धन म्हणजे जवळ असलेलं, ऋण म्हणजे देणं. युरोपातल्या मोठमोठ्या गणितज्ञांनी या ऋण संख्या पुढे हजारभर वर्षं मनापासून मानल्या नाहीत. काहीच नसण्यापेक्षा कमी कसं काय असेल, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्यातला एखादा जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या एखाद्या सहकारी बँकेच्या रांगेत तासभर उभा राहता, तर हा प्रश्न त्याला पडला नसता. पेरणी व्हायची असते, बियाणं-खत घ्यायचं असतं, मागच्या वर्षीचं पीककर्ज तसंच असतं, आणि शून्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे सगळी रांग हेव्यानं बघते. आमच्याकडे शून्य ही सुरुवात नाही, ते मुक्कामाचं ठिकाण आहे. तिथे पोचण्यासाठी मोर्चे निघतात आणि मोर्च्यातली घोषणा असते, सातबारा कोरा करा!

ऋणातून ऋण वजा केलं की धन वाढतं, हा नियम सातवी-आठवीत पोरांच्या गळी उतरत नाही. वजा वजा अधिक का होतं, याचं कारण विचारतात. मी कारण सांगायचं सोडून दिलं होतं. कर्जमाफी म्हणायचो, की वर्ग मान डोलवायचा. फरक एवढाच, की कागदावर चिन्ह बदलतं ते बिनशर्त. कर्जमाफीत चिन्ह बदलतं ते निकषांच्या अधीन राहून. २००८ साली केंद्रानं कर्जमाफी दिली तेव्हा पूर्ण माफीला मर्यादा दोन हेक्टरची होती, आणि विदर्भातल्या कोरडवाहू कास्तकाराकडे जमीन पाच एकरांच्या वर असते, पिकत त्यातलं काही नसलं तरी. २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. दोन लाखांच्या वर एक रुपया असला की वजाबाकी अडते. ब्रह्मगुप्तानं असा कुठलाही निकष लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता सातबारा. जमिनीच्या या उताऱ्याला सातबारा म्हणतात ते त्यात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एकत्र असतात म्हणून. सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये त्यात पेरलं काय ते. पण लिहितात ७/१२, आणि पोरांना आम्हीच शिकवून ठेवलेलं, की मधे तिरपी रेघ दिसली की भागायचं. शेजारच्या पोट्ट्यानं भागलं. उत्तर आलं ०.५८३३३३, आणि मोबाइलचा पडदा संपला तरी तीन संपेनात.

"हे काही सुटत नाई जी, सर."

त्याचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो, ओसरीवर तूर निवडत बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "सातबाराचं कधी सुटलं हाय का गा?"

हे परिमेय संख्येचं जितकं चोख वर्णन आहे तितकं पुस्तकात नाही. पुस्तक म्हणतं, की परिमेय संख्येचं दशांश रूप एक तर खंडित असतं, नाही तर अखंड आवर्ती. म्हणजे एक तर प्रकरण मिटतं, नाही तर तेच तेच पुन्हा येत राहतं. तिसरा मार्ग नाही. काकाजींच्या सातबारावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा आहे. तो एकदा उतरला होता, पुन्हा चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. अखंड आवर्ती.

सातबारावर वारसांची नावं लागत जातात ती तर अपूर्णांकांची खाणच. बापाला चार पोरं, त्यातल्या एकाला तीन, त्यातल्या एकीनं हक्कसोड केलेला, एक पुण्याला. मग त्या पुण्याच्या माणसाचा हिस्सा निघतो एक बारांश, आणि त्याची सही घ्यायला जो खर्च येतो तो त्या एक बारांशाच्या उत्पन्नाहून मोठा. पूर्वी हे हिस्से आण्यांत लिहायचे. रुपयाचे सोळा आणे, म्हणून अख्ख्या जमिनीचेही सोळा आणे. नाण्यांतून आणा जाऊन सहा दशकं लोटली, पण पिकाच्या अंदाजाला जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. सरकारी नाव पैसेवारी. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलती, वर गेली तर काही नाही. ही संख्या पुस्तकातल्या कुठल्याच संचात बसत नाही, कारण ती एकाच हंगामात तीनदा जाहीर होते: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. नावातलं 'नजरअंदाज' हे हिंदीत वाचायचं की मराठीत, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

अपूर्णांकांच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करायला हवी, की मराठीनं त्यांचे लाड केले. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र नावं दिली, आणि जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे त्यांचे पाढेही होते. शेवटचा औटकीचा, साडेतीनाचा. काकाजींना तो येतो. बाजार समितीत साडेतीन क्विंटल कापूस नेला, २०२४-२५ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७१२१ धरला, तर पोट्टा मोबाइल काढेपर्यंत काकाजींचं सुरू झालेलं असतं: सात औटे साडेचोवीस, म्हणजे साडेचोवीस हजार, उरले एकशे एकवीस, त्यांचे औट करून चारशे साडेतेवीस, झाले चोवीस हजार नऊशे साडेतेवीस रुपये. तोवर ग्रेडर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. ती कपात मात्र काकाजींना तोंडी करता येत नाही, कारण ती कुठल्याच पाढ्यात नव्हती.

चहाचंही तसंच. वर्धेत एका माणसानं एक चहा मागितलेला मी क्वचितच ऐकला. मागणी असते ती दोनाचे तीन, तिनाचे पाच. दोनाचे तीन म्हणजे माणशी दोन तृतीयांश, ०.६६६ आणि पुढे सगळे सहाच सहा. दशांश पद्धतीला हा चहा पूर्णपणे ओतताच येत नाही. टपरीवाला तो किटलीच्या एका झोकात ओततो, तिन्ही ग्लासांची रेघ सारखी, आणि वर बजाज चौकातल्या ट्रॅफिककडे बघत.

या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा अपूर्णांक मात्र विनोबांचा. ते १९२१ मध्ये वर्ध्याला आले, पुढे पवनारला धाम नदीच्या काठी राहिले, आणि त्यांना गणिताची मनापासून गोडी होती हे त्यांच्या माणसांना ठाऊक होतं. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, तेव्हा मागणी पुढे ठरली ती एक षष्ठांशाची. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. किती सोपं गणित! चळवळीत उद्दिष्ट ठेवलं पाच कोटी एकरांचं, मिळाली चाळीस लाखांच्या वर. यात नुसती तूट बघणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की सख्ख्या भावाला एक षष्ठांश द्यायची वेळ आली की काय होतं, ते दिवाणी न्यायालयाच्या आवारात कोणत्याही सोमवारी बघता येतं. आणि एक षष्ठांश हीसुद्धा अखंड आवर्तीच आहे. ०.१६६६. विनोबांच्या ते ध्यानात आलं नसेल असं मी मानायला तयार नाही.

गणित हातानं शिकायचं, ही कल्पनासुद्धा इथलीच. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यातून नई तालीम निघाली. मुलांनी सूत कातायचं आणि त्यातून अंकगणित शिकायचं. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची लटी, चार लटींची गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, फूट किती, यार्ड किती, हे पोरगं टकळी फिरवता फिरवता काढणार. आमच्या एका सरांनी लहानपणी हे केलं होतं. ते म्हणायचे, गुणाकार चुकला तर छडी बसायची नाही, पण धागा तुटायचा.

सुताचा नंबर ही तर फारच खोडकर संख्या आहे. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक होतं. दहा नंबरचं जाड, वीसचं त्याहून तलम, शंभरचं सूत तर हाताला लागतं न लागतं. मोठी संख्या म्हणजे मोठी वस्तू, ही आपली समजूत हा नंबर मोडीत काढतो. खादी भांडारात एका गृहस्थांनी "साठ नंबरचं नको, थंडी आहे, शंभरचं दाखवा" म्हटलेलं मी ऐकलं आहे. विक्रेत्यानं काही न बोलता दाखवलं. तीस वर्षं खादी विकणाऱ्या माणसाकडे एक प्रकारची अहिंसा येतेच.

आता अपरिमेयाकडे. इथे पुस्तक एकदम गंभीर होतं. दोनाचं वर्गमूळ कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकारानं मिळत नाही, हे सिद्ध करायला लावतं. ग्रीक पायथागोरसच्या पंथातल्या एकानं हे गुपित फोडलं, म्हणून तो समुद्रात बुडाला, अशी दंतकथा आहे. आमच्याकडे असली शिक्षा अंमलात आणणं अवघड. मे महिन्यात धाम नदीत कुणाला बुडवायचं म्हटलं, तर आधी वरच्या धरणातून पाणी सोडण्याचा अर्ज करावा लागेल.

पण अपरिमेय संख्या बघायला ग्रीसला जायची गरज नाही. एक हेक्टरचं चौरस वावर घ्या. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. धुऱ्या-धुऱ्यानं एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं तर दोनशे मीटर. सगळे नैसर्गिक, सगळे सभ्य. पण आमच्याकडे धुऱ्यानं जातो तो फक्त वावराचा मालक, आणि तोही मोजणीवाले आले असतील त्या दिवशी. बाकी गाव तिरपं जातं. शेळ्या तिरप्या जातात, शाळेतली पोरं तिरपी जातात, शेजारचा कास्तकार तर मुद्दाम तिरपा जातो. ती पायवाट १४१ मीटर आणि पुढे ४२१३५ असं जे काही सुरू होतं ते संपत नाही, आणि आवर्तीसारखं पुन्हा येतही नाही. भूमापनाच्या कुठल्याच नकाशात ही पायवाट नसते. शतकानुशतकं माणसं आणि गुरं त्या अपरिमेय लांबीवरून चालत आहेत, आणि हद्दीच्या भांडणात तलाठी तिचा आकडा धरतच नाही तो केवळ ती हेक्टर-आरमध्ये लिहिता येत नाही म्हणून.

यज्ञवेदीच्या मोजमापासाठी आपल्याकडच्या शुल्बसूत्रांनी हाच कर्ण मोजला होता. बौधायनानं दिलेली रीत आकड्यांत मांडली तर ५७७ भागिले ४०८ येतात, म्हणजे १.४१४२१५, पाचव्या दशांश स्थळापर्यंत चूक सापडत नाही. आणि त्या आकड्याला त्यानं नाव दिलं 'सविशेष', म्हणजे किंचित जास्तीचा आहे बरं का, अशी कबुली. आमच्या वर्गात मात्र पाय म्हणजे बावीस सप्तमांश, हे पोरांनी इतकं घोकलेलं असतं, की पाय अपरिमेय आहे म्हटलं की ती बंड करतात. बावीस सप्तमांश तर परिमेय आहे, मग? तो नुसता जवळचा आकडा आहे, खरा पाय नाही. खरा पाय अपरिमेय आहे, हे लांबर्टनं १७६१ मध्ये सिद्ध केलं. पुढे १८८२ मध्ये लिंडेमाननं त्याहून वाईट बातमी दिली, की पाय कुठल्याही साध्या बीजगणिती समीकरणाच्या तावडीत सापडतच नाही. त्या जातकुळीला अबैजिक म्हणतात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मंग सर, पेपरात बावीस सप्तमांश लिवलं तर मार्क कटतीन का?" नाही कटत. बोर्डाचं आणि सत्याचं तसं जुनं सामंजस्य आहे.

राहिल्या काल्पनिक संख्या. नावामुळे त्यांची उगीच बदनामी झाली. १५४५ साली इटलीतल्या कार्डानोनं एक कोडं घातलं: दहाचे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. काकाजींना विचारलं, तेव्हा त्यांनी क्षणात सांगितलं, की दहा एकराची दोघा भावांत वाटणी झाली तर पाच-पाचच होईल, गुणाकार पंचवीस, त्याच्यावर कुणाचा बाप नेऊ शकत नाही. बरोबर आहे. कार्डानोलाही ते ठाऊक होतं. तरी त्यानं उत्तर लिहिलं: एकाला पाच अधिक वजा पंधराचं वर्गमूळ, दुसऱ्याला पाच वजा तेच. बेरीज दहा, गुणाकार चाळीस, हिशेब चोख. पण ही गोष्ट जितकी सूक्ष्म तितकीच निरुपयोगी, असं कार्डानोचं स्वतःचंच मत पडलं.

"वजा पंधराचं वर्गमूळ कोणत्या गटात येते?" काकाजींनी विचारलं. "भोगवटादार कोण?"

पण त्या निरुपयोगी संख्येवर आज त्यांच्याच विहिरीवरची मोटार चालते. प्रत्यावर्ती विजेचा हिशेब संमिश्र संख्यांत मांडतात. पंप जी वीज ओढतो, तिचा एक भाग खरं पाणी उपसतो, आणि दुसरा नुसता तारांतून ये-जा करतो, कामाचा काही नसतो. त्याला गणितात काल्पनिक भाग धरतात. तो कमी करायला मोटारीला कपॅसिटर लावतात. काकाजींनी तो लावलेला आहे, कारण वायरमननं सांगितलं लावा. आता त्यांना एवढंच कळत नाही, की वीज रात्री येते तीच मुळात खरी की काल्पनिक.

पुस्तकातले प्रकार इथे संपतात, पण माझा आवडता माणूस पुस्तकात नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. बाकीच्यांनी संख्यांचे प्रकार पाडले ते गरज पडली म्हणून. कापरेकरांनी पाडले ते हौस म्हणून. आपल्या अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला भाग जातो ती हर्षद. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जिची उत्पत्ती होत नाही, ती स्वयंभू. १२१, १२३२१ अशा देखण्या संख्यांची कल्पना ज्या रेल्वे स्टेशनवर सुचली त्याच्या नावावरून डेम्लो. मर्कट संख्यासुद्धा आहेत. आणि चार अंकांची त्यांची ती प्रसिद्ध ६१७४. जवळपास कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक चढते-उतरते मांडून मोठीतून लहान वजा करा, उत्तराशी पुन्हा तेच करा, सात वेळांच्या आत ६१७४ येणारच. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. मार्टिन गार्डनरनं १९७५ मध्ये अमेरिकेत लिहिल्यावर जगाला कळलं. तोवर देवळालीत, म्हणजे नाशिकच्या देवळालीत, त्यांची पेन्शन सुरू होती.

त्यांच्या या वर्गीकरणाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी आरटीओच्या पाट्या दाखवतो. नागपूरची गाडी एमएच ३१. एकतीस ही मूळ संख्या आहे, आणि वर स्वयंभूही आहे. नागपूरकरांचा ताठा कुठून येतो, ते यावरून कळतं. आमची एमएच ३२. बत्तीस मूळही नाही, स्वयंभूही नाही. पंचविसात तिचे दोन आणि पाच मिळवले की बत्तीस तयार होते. हर्षदही नाही. पण निराश व्हायचं कारण नाही. आनंदी संख्या म्हणून आणखी एक प्रकार आहे, तो कापरेकरांचा नव्हे. अंकांचे वर्ग करून मिळवायचे, उत्तराचं पुन्हा तेच. शेवटी एक आला तर संख्या आनंदी, नाही तर ती ८९ च्या फेऱ्यात अडकून जन्मभर गरगरत राहते. बत्तीस: नऊ अधिक चार तेरा, एक अधिक नऊ दहा, एक. वर्धा आनंदी! अमरावतीची २७, यवतमाळची २९, चंद्रपूरची ३४, सगळ्या फेऱ्यात. नागपूर शहराच्या ३१ आणि ४९ दोन्ही आनंदी, आणि नागपूर ग्रामीणची ४० दुःखी. सरकारनं एवढा अचूक सर्व्हे एरवी कधी केला नव्हता.

आरटीओत मनपसंत क्रमांकाला पैसे मोजावे लागतात. ४१४१ घेतला की पाटीवर 'दादा' वाचता येतं, २१४ चा 'राम' होतो. शेजारच्या पोट्ट्याचा मोठा भाऊ पुलगावला कामाला लागला, मोटारसायकल घ्यायची ठरली, आणि त्याला ९९९९ हवा होता. मोठा माणूस दिसतो म्हणे. पोट्ट्यानं त्याला कापरेकरांची रीत लावून दाखवली. 'दादा' म्हणजे ४१४१ सहा पायऱ्यांत ६१७४ वर येतो. वर्ध्याच्या पिनकोडातला २००१ तीन पायऱ्यांत येतो. आणि ९९९९? मोठी संख्या ९९९९, लहान संख्या ९९९९, वजाबाकी शून्य. सगळे अंक सारखे असले की रीत पहिल्याच पायरीला शून्यावर आपटते.

भाऊ बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे वजाबाकी ई-चलानले लागू होते का जी?"